न्हाणीच्या पाण्यावरची फुले

पंचांगात ऋतू सहा असले तरी मराठी माणसाच्या अंगाला कळतात ते तीनच. आणि त्यांतला उन्हाळा वर्षातून दोनदा येतो. पहिला चैत्र-वैशाखातला. तो राजरोस येतो, आंबे-फणस घेऊन येतो, म्हणून त्याचे आपण थोडेफार कौतुकही करतो. दुसरा येतो भाद्रपद सरता सरता, चोरपावलांनी. पाऊस अजून नीटसा गेलेला नसतो, भिंतींची ओल वाळलेली नसते, आणि एके दिवशी दुपारी एकदम लक्षात येते की ऊन चटके देते आहे. पुस्तकांत या दिवसांना शरद म्हणतात व शरदाबरोबर हमखास चांदणे आणतात. पण नवरात्राच्या खरेदीला भर दुपारी तुळशीबागेत शिरलेल्या बाईला चांदणे आठवत नाही. ती कपाळावरचा घाम पुसते आणि 'काय बाई ही ऑक्टोबर हीट!' एवढेच म्हणते.

या दुसऱ्या उन्हाळ्याची एक खुबी मात्र आहे. वैशाखात वर आग आणि खाली धूळ असते. आता वर आग असली तरी खाली चार महिन्यांचा पाऊस मुरलेला असतो. ओली माती आणि कडक ऊन अशी जोडी वर्षात पुन्हा जमत नाही. ती जमली की घरच्या परसाला जो बहर येतो त्याची सर वसंताला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तेरडा, गुलबक्षी, सोनटक्का, कर्दळ, गोकर्ण, अबोली, झेंडू, प्राजक्त, आणि सगळ्यांच्या मागून सावकाश येणारी शेवंती. ही नावे वाचताना ज्यांच्या डोळ्यांपुढे प्रत्येक नावासरशी एकेक फूल उभे राहिले त्यांचे वय मी साधारण ओळखू शकते.

हे मी गमतीने म्हणत नाही. परवा प्रथम वर्षाच्या वर्गात एका जुन्या कथेत 'गुलबक्षी रंगाचे लुगडे' आले. गुलबक्षी म्हणजे कोणता रंग, असे मी विचारले. कुणी 'गुलाबी' म्हणाले, कुणी 'जांभळा'. एका मुलीने प्रामाणिकपणे 'माहीत नाही, मॅडम' म्हटले. रंग फुलावरून आला आहे हे एकालाही ठाऊक नव्हते. त्याच वर्गाला मी 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण घातली, तर अर्थ सगळ्यांनी बिनचूक सांगितला. शाळेत पाठच केलेला होता. तेरडा कोणी पाहिला आहे असे विचारल्यावर सत्तरांपैकी चार हात वर झाले, आणि ते चारही कोकणातले निघाले. म्हण जिवंत आहे आणि झाड गेले आहे, अशी ही परिस्थिती. मराठीच्या शिक्षकाला ती बागवानाइतकीच जाचते.

या फुलांना बाग कधी लागलीच नाही. बाग बंगल्याला असते. घराला असते ते परस. साताऱ्याला आमच्या लहानपणीच्या घरामागे वीस-पंचवीस फुटांचे असे परस होते, आणि त्याची सगळी रचना पाण्याच्या वाटेने ठरलेली होती. न्हाणीतले पाणी भिंतीच्या भोकातून एका चरात पडे. चराच्या तोंडाशी अळू, त्याच्या पुढे सोनटक्का, मग कर्दळ, आणि पाणी जिथे जेमतेम पोचे तिथे गुलबक्षी. तेरडा आणि झेंडू उरलेल्या मोकळ्या जागेत. प्राजक्त कोपऱ्यात, कुंपणाला टेकून. हा आराखडा कुणी कागदावर काढलेला नव्हता; ज्याला जितकी तहान तितक्या अंतरावर ते ते झाड, एवढाच हिशेब. पुढे अनेक गावांत अनेक परसे पाहिली, आणि थोड्याफार फरकाने हाच हिशेब सगळीकडे दिसला. न्हाणीत त्या वेळी शिकेकाई असे, डाळीचे पीठ असे आणि साबणाची एखादी वडी. आजच्या फसफसणाऱ्या पावडरींचे पाणी कुणी सोनटक्क्याला घालून पाहू नये.

सोनटक्का हा आल्याचा भाऊबंद. त्याचे पान चुरगळले किंवा गड्डा मोडला की घराणे नाकाला कळते. मूळचा तो हिमालयाच्या पूर्वेकडच्या दमट भागातला. फूल पांढरेशुभ्र, फुलपाखराने पंख पसरावेत तसे; नावातले सोने कुठून आले ते त्यालाच ठाऊक. दुपार कलली की कळी सैल पडते आणि संध्याकाळी सगळे परस दरवळते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फूल मान टाकते. आयुष्य जेमतेम एका दिवसाचे, पण क्यूबा देशाने याच फुलाला आपले राष्ट्रीय फूल मानले आहे. आमच्याकडे न्हाणीच्या चरावर वाढणाऱ्याला सातासमुद्रापलीकडे हा मान मिळावा याचे मला फार दिवस हसू येई. मग विचार केला की क्यूबातही तो असाच कुठल्यातरी ओहोळाच्या काठाने पसरला असेल.

गुलबक्षीची गोष्ट उलटी. ती अमेरिकेतून इकडे आली. गुलबास हे तिचे दुसरे नाव फारसी 'गुल-ए-अब्बास'चे मराठी तोंडात बसलेले रूप. म्हणजे झाड एका खंडातले, नाव दुसऱ्या मुलखातले आणि संसार आमच्या परसात. इंग्रजीत तिला 'चार वाजताचे फूल' म्हणतात; पण चारचा ठोका ती पाळतेच असे नाही. ऊन उतरून हवा थोडी निवली की ती उमलते. ढगाळ दिवशी सकाळी उशिरापर्यंत मिटत नाही. आमच्या घरी घड्याळ होते, पण आजी मात्र 'गुलबक्षी उमलली, दिवे लावा' असेच म्हणे. रंगाची जी नळी आपण पाकळी समजतो ती पाकळी नव्हेच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो रंगलेला निदलपुंज आहे. पाकळ्या या फुलाला मुळी नसतातच. मागे काळे, मिऱ्यासारखे सुरकुतलेले बी धरते. मुलांनी ते तोंडात घालू नये. बी आणि मूळ दोन्ही विषारी आहेत.

या साध्या झाडाने एकदा शास्त्रज्ञांनाही धडा दिला. ग्रेगोर मेंडेलचे विस्मृतीत गेलेले अनुवंशाचे नियम १९०० साली ज्यांनी पुन्हा उजेडात आणले त्यांत कार्ल कॉरेन्स हा जर्मन शास्त्रज्ञ होता, आणि त्याचे एक आवडते झाड म्हणजे आपली गुलबक्षी. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला तर पुढची पिढी सगळी गुलाबी येते. आणि त्या गुलाबींच्या पोटी पुन्हा एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरी असे प्रमाण पडते. इथवर वडील आणि आई दोघांचा वाटा सारखा. पण १९०९ साली त्याने चट्ट्यापट्ट्याच्या पानांची गुलबक्षी घेतली, तेव्हा वेगळेच निघाले. हिरव्या फांदीवरच्या फुलाचे बी पेरले तर रोप हिरवे, फिक्या फांदीवरच्या फुलाचे पेरले तर फिके. पराग कुठल्याही फांदीचा घातला तरी फरक नाही. पानाचा हा गुण केवळ आईकडून येत होता. पेशीतली हिरवा रंग धरणारी द्रव्यकणिका बीजांडातून उतरते, परागातून नव्हे, हे त्यामागचे कारण. गुलबक्षीचे बी आमच्याकडे कुणाकडून कसे आले हे आठवले की हा प्रयोग मला उगाच आवडतो. आईने तिच्या माहेराहून आणले होते. तिच्या आईने तिच्या.

मूळ गाव शोधायला लागले की आणखी बरीच गंमत निघते. कर्दळीच्या शास्त्रीय नावात 'इंडिका' आहे, पण तिचा जन्म अमेरिकेतला. गुलछडी, म्हणजे आपला निशिगंध, मेक्सिकोचा. आणि ज्याच्यावाचून दसरा होत नाही तो झेंडूही मेक्सिकोचाच. तिथल्या अझ्टेक लोकांच्या भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ होतो 'वीस फुले', आणि तो अगदी योग्य आहे. कारण झेंडूचे एक फूल म्हणजे एका बैठकीत बसलेली अनेक लहान लहान फुलेच असतात. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या १ व २ तारखेला मृतांच्या स्मरणाचा सण असतो. त्या दिवशी घराघरांत झेंडूच्या राशी पडतात, थडग्यांवर झेंडू वाहतात. म्हणजे आपल्याकडे दारावरचे दिवाळीचे तोरण सुकत असते त्याच सुमारास तिकडे पितरांच्या वाटेवर त्याच फुलाच्या पाकळ्या अंथरलेल्या असतात. इकडे तो आला पंधराव्या शतकानंतर, समुद्रमार्गे. ज्ञानेश्वरी १२९० साली सांगून झाली. ज्ञानेश्वरांनी मोगरा पाहिला असेल, झेंडू पाहिला असणे शक्य नाही.

हे ऐकून एक सद्गृहस्थ माझ्यावर रागावले होते. दसऱ्याचे फूल परदेशी कसे असेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या हातात त्या वेळी एकादशीची बशी होती. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि मिरची या चारही गोष्टी अमेरिका खंडाच्या देणग्या आहेत हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले नाही. उपवास मोडायला नको.

अस्सल आपले म्हणावे ते प्राजक्ताला आणि तेरड्याला. प्राजक्ताची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. कृष्णाने स्वर्गातून झाड आणले सत्यभामेच्या अंगणात आणि फुले पडू लागली रुक्मिणीच्या. भांडण लावण्याची ही ताकद प्राजक्तात आजही शाबूत आहे; आमच्याच इमारतीत तळमजल्यावरच्या झाडाची फुले पलीकडच्या सोसायटीच्या गाड्यांवर पडतात आणि दर आश्विनात एक तक्रार येते. पण या झाडाची आणखी एक कथा आहे, आणि ती छापली गेली आपल्या शेजारी, गोव्यात, १५६३ साली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. मुंबई बेटही त्याच्याकडे काही काळ खंडाने होते. त्याने हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर प्रश्नोत्तरांच्या रूपात एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात या झाडावर एक स्वतंत्र संवाद घातला. झाडाला त्याने 'दुःखी वृक्ष' म्हटले, कारण ते दिवसा उदास दिसते आणि रात्रीच फुलते. त्याने ऐकलेली गोष्ट अशी : पारिजातक नावाच्या एका मोठ्या माणसाची मुलगी सूर्यावर भुलली. सूर्याने तिला टाकले. तिने जीव दिला, आणि तिच्या राखेतून हे झाड उगवले. म्हणून त्याच्या फुलांना सूर्याचे तोंड बघवत नाही. पुढे लिनियसने शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्यातही ते 'दुःखी झाड' कायम राहिले. आमच्या पुराणात दोन सवतींचा मत्सर आहे, आणि गोव्यातल्या या कथेत एकटीचे दुःख. मला दुसरी गोष्ट जास्त खरी वाटते. पहाटे प्राजक्ताखाली उभे राहिले की फुले अगदी आवाज न करता पडत असतात.

त्या फुलांचे केशरी देठ पूर्वी वाळवून ठेवीत आणि त्यांत रेशीम रंगवीत. केशरात जे रंगद्रव्य असते त्याच्याच जातीचे द्रव्य या देठात असते, त्यामुळे रंग केशरासारखाच चढतो. पण उन्हात टिकत नाही. इथेही सूर्याशी वैर सुटलेले नाही. खाली पडलेले फूल देवाला चालत नाही हा नियम प्राजक्तापुरता शिथिल केलेला आहे. ज्याने कुणी तो केला तो शहाणा माणूस होता. नाहीतर हे झाड कुणाच्याही दारात राहिले नसते.

तेरड्याला असली पुराणे नाहीत. त्याच्या वाट्याला आली ती एक म्हण, आणि तीही निंदेची. पण भाद्रपदात तीन दिवस त्याचा मान असा की त्यापुढे प्राजक्ताने हात जोडावेत. कोकणात कितीतरी घरी गौर म्हणजे तेरड्याची रोपेच. मुळासकट उपटून आणलेली, सुपात ठेवलेली, साडी नेसवलेली. अनुराधा नक्षत्रावर ती घरात येते, ज्येष्ठावर जेवते, मूळ नक्षत्रावर निघते. म्हणीतले तीन दिवस हेच असावेत अशी माझी आपली एक समजूत आहे. फुलाचा रंग तीन दिवसांत विटतो म्हणून म्हण झाली असे सगळे सांगतात. मला वाटते, गौरीचा तेरडा तीन दिवसांचा पाहुणा असतो आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात जातो हेही बायकांनी त्यात भरले असावे.

तेरड्याचे फूल नीट पाहिले तर त्याच्या त्या थोड्या दिवसांतही दोन आयुष्ये असतात. आधी ते नर असते. परागाची एक बारीक टोपी मध्यभागी दिसते. ती टोपी गळून पडली की आतले मादीचे अंग उघडे होते आणि तेच फूल मादी होते. मग बोंड धरते. पिकलेल्या बोंडाला बोट लागायचा अवकाश, त्याची पाच शकले झटकन आत वळतात आणि बी चौफेर उडते. लॅटिनमध्ये या कुळाचे नावच 'अधीर' असे ठेवले आहे. पोरवयात या खेळात किती संध्याकाळी गेल्या त्याचा हिशेब नाही. आणि आता कळते, तो खेळ म्हणजे पुढल्या वर्षाची पेरणी होती. आपण खेळलो म्हणून तेरडा परसभर पसरला.

अबोलीची कला याच्या उलट. तिची बोंडे कोरडी असताना गप्प असतात आणि पाणी लागले की फुटतात. पहिल्या पावसाच्या सरीत अबोलीच्या ताटव्यातून बारीक तडतड ऐकू येते. नाव अबोली, वास नाही, आवाज मात्र आहे.

आता अडचणीच्या गोष्टीकडे येते. ही फुले दुकानात मिळत नाहीत. झेंडू आणि शेवंती मिळतात, किलोवर. पण रोपवाटिकेत जाऊन तेरडा मागा. माळी तुमच्याकडे पाहतो. गुलबक्षी मागितली तर 'ती काय, कुठेही उगवते' म्हणतो, आणि ती कुठे उगवते ते त्यालाही दाखवता येत नाही. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत मोठे पुष्पप्रदर्शन भरते, सुंदरच असते. पण जानेवारीत या फुलांपैकी बहुतेकांचा संसार आटोपलेला असतो, म्हणून बक्षिसाच्या टेबलावर ती कधी आली नाहीत. ज्याला किंमत नाही आणि बक्षीस नाही ते टिकले कसे? तर मागून. पुडीत बांधलेले बी, ओल्या फडक्यात गुंडाळलेला गड्डा, कागदात तोडून दिलेली जास्वंदाची फांदी. लग्न होऊन मुलगी सासरी गेली की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तिच्या पिशवीत असले काहीतरी असेच. शेकडो वर्षे या झाडांची ये-जा अशी हातोहात झाली. पण ही साखळी मध्ये एका पिढीने बी ठेवले नाही की तुटते.

आणि पिढ्या मध्ये थांबल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात नदीकाठचे वाडे गेले, त्याबरोबर त्यांची परसेही गेली. पुढे उरलेल्या वाड्यांच्या जागी इमारती झाल्या. इमारतींना निदान भोवती पाच-सहा फुटांची मातीची पट्टी असे. आता त्या इमारतींचाही पुनर्विकास चालू आहे, आणि नव्या नकाशात त्या पट्टीच्या जागी गाड्या उभ्या राहतात. आमची इमारतही या वर्षी त्या रांगेत आहे. सभेत चौरस फुटांवर तीन तास चर्चा झाली. झाडांचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत आला. प्राजक्ताचे काही करता येईल, कारण १९७५च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात शहरी भागातले झाड तोडायला परवानगी घ्यावी लागते. त्याच्यापुरता निदान एक अर्ज तरी भरावा लागेल. पण कायद्याला झाड कळते ते खोड असलेले. तेरडा, गुलबक्षी, सोनटक्का यांना खोड नाही. त्यांच्यासाठी कुणाची सही लागत नाही.

ती पट्टी तळमजल्यावरच्या आजींनी लावलेली आहे. त्या आता ब्याऐंशीच्या आहेत. सभेनंतर मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटले, "आजी, याचं बी कुठून आणलं होतंत तुम्ही? पुन्हा मिळेल का?"

"मिळेल काय? इथंच आहे की," त्या म्हणाल्या. "विकत मिळत असतं तर मी लावलं असतं होय? ही गुलबक्षी माझ्या नणंदेची. सोनटक्का समोरच्या वाड्यातला, वाडा पाडला तेव्हा आणला. तेरडा कुणाचा ते मलाही ठाऊक नाही, तो आपला आपण आला."

"आणि आता?"

"आता तू ने. मला काय विचारतेस? डबा आणलायस का?"

मी डबा नेलेला नव्हता. वर जाऊन आणला.

दोन खोल्या आणि चार फुटांची गॅलरी असलेल्या माणसाने हे सगळे कुठे लावायचे, हा प्रश्न खराच आहे. पण यांतली बहुतेक झाडे गरिबीत वाढलेली असल्यामुळे ती हट्ट कमी करतात. सोनटक्का एका मोठ्या टबात नीट येतो. त्याला पाणी सतत हवे, आणि आजच्या घरात ते एका ठिकाणाहून सतत ठिबकत असते : वातानुकूलन यंत्राच्या नळीतून. ते पाणी हवेतून निघालेले, क्षार नसलेले असते. बादलीत धरून निवांत घालावे. नव्या काळातली ही न्हाणी समजायची. गोकर्णाच्या वेलाला गजांची खिडकी पुरते. झेंडूला एक कुंडी आणि सहा तासांचे ऊन. शिवाय त्याची मुळे मातीतल्या सूत्रकृमींना आवरतात, म्हणून शेजारच्या कुंडीत मिरचीचे रोप असेल तर त्याचेही भले होते. मात्र दसऱ्याच्या बाजारी तोरणातले बी ठेवून उपयोग नाही. बाजारातला झेंडू पुष्कळदा संकरित असतो, आणि त्याच्या बियांपासून आलेली पिढी आईबापांसारखी निघत नाही. जुन्या देशी झेंडूचे बी ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून मागूनच घ्यावे.

शेवंतीचे तेवढे एक शहरी दुखणे आहे. ती दिवस नव्हे, रात्र मोजते. गार्नर आणि ॲलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली हे प्रथम नीट मांडले : काही झाडांना फुलायची वेळ कळते ती दिवस-रात्रीच्या लांबीवरून. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर रात्र दिवसाहून मोठी होते आणि ती वाढू लागली की शेवंती कळ्या धरते. पण लांब अंधाऱ्या रात्रीच्या मध्ये उजेड पडला की तिचा हिशेब चुकतो. शेवंतीचे व्यापारी मळेवाले फुलणे लांबवायला मुद्दाम रात्री दिवे लावतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची शेवंती दोन वर्षे नुसती पाने काढत होती. खत झाले, औषध झाले. कुंडी होती रस्त्याकडच्या गॅलरीत, महापालिकेच्या नव्या पांढऱ्या दिव्यापासून आठ फुटांवर. मागच्या बाजूला हलवल्यावर त्याच वर्षी ती कार्तिकात फुलली. शेवंती रुसली आहे असे वाटले तर आधी रात्री बाहेर येऊन दिवा कुठे आहे ते पाहावे.

प्राजक्ताचे बी पैशासारखे चपटे असते, एका फळात दोन. मोठ्या कुंडीत तो होतो. दोन-तीन वर्षे धीर धरावा लागतो आणि फांद्या छाटत राहावे लागते. तेरड्याला पुढच्या पावसापर्यंत विसरून जायचे. बोंडे फिकट पिवळी दिसू लागली की कापडाची लहान पिशवी वरून बांधावी म्हणजे बी उडून जात नाही, आणि कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवावे. काचेच्या बाटलीत ओलसर बी भरले तर बुरशी येते. कास पठारावर दर भाद्रपदात गुलाबी तेरड्यांचे गालिचे पसरतात. २०१२ साली त्या पठाराची जागतिक वारशात नोंद झाल्यापासून लोक शुल्क भरून ते पाहायला जातात. तो रानतेरडा, घरच्या तेरड्याचा चुलतभाऊ. सातारकर म्हणून मला कासचा अभिमानच आहे. पण तिथे ओळीने उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी कितीजणांच्या खिडकीत एक कुंडीभर तेरडा असेल असा प्रश्न मनात येतो खरा.

आजींच्या पट्टीतले निम्मे काम झाले आहे. तेरड्याची सात पाकिटे भरली. त्यांतली दोन माझ्या वर्गातल्या मुलांनी मागून नेली, त्यांत 'माहीत नाही' म्हणणारी मुलगीही होती. सोनटक्क्याचे गड्डे चार घरांत गेले. अबोलीच्या फांद्या ओल्या वाळूत लावल्या आहेत. प्राजक्ताच्या अर्जावर आठ सभासदांच्या सह्या झाल्या, अकरा बाकी आहेत. गुलबक्षी मात्र अजून हलवता येत नाही. तिची पाने हिरवी आहेत आणि ती रोज संध्याकाळी उमलते आहे. पाने पिवळी पडून वाळली की खालचा कंद पोसलेला असतो. तेव्हा तो अखंड काढायचा. आमच्या हवेत हे पौषात किंवा माघात होते. घरे रिकामी करण्याची तारीख फेब्रुवारी अखेरची आहे. कुदळ कुणाकडे आहे ते मी विचारून ठेवले आहे.